शिरेची दुसरी वेलांटी

ब्लॉग लिहायचा आहे असे वर्गात सांगितले गेले, तेव्हा सूनबाईने हात वर करून विचारले की तो किती पानी असतो. वर्गातल्या वीस-वीस वर्षांच्या मुली फिदीफिदी हसल्या. त्यांच्या हसण्याचे तिला काही वाटले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला ‘काकू’ करून टाकले होते, आणि एकदा काकू झालेल्या बाईला काय विचारावे आणि काय विचारू नये याचे फारसे बंधन राहत नाही.

सूनबाईचे वय एकोणचाळीस. सोळा वर्षे तिने घर सांभाळले, सासूबाईंचे दुखणे काढले, लेकीला दहावीपर्यंत आणले, आणि मग एके दिवशी तिच्या लक्षात आले की लेक दोन-तीन वर्षांत शिकायला बाहेर जाईल आणि आपण भिंतींशी बोलत बसू. म्हणून तिने रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याने फोनवर विचारले, रक्त बघून तुला चक्कर येते ना? ती म्हणाली, मला नाही, तुमच्या बाबांना येते. हे खरे होते, आणि बाबा शेजारच्या खोलीत असल्यामुळे ती हे हळू आवाजात म्हणाली.

अभ्यासक्रमाची अट साधी होती. दर आठवड्याला प्रत्येकीने आपल्या ब्लॉगवर काय शिकलो ते लिहायचे. बारा नोंदी झाल्या की प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार, आणि त्यात पास झाले तरच वर्षाचा पुढचा भाग. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या, शांत, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेने लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, सुई टोचायला हात शिकतो, पण हात काय शिकला ते डोक्याला कळायला लिहावे लागते. हे वाक्य सगळ्यांनी वहीत उतरून घेतले आणि कुणालाही समजले नाही.

लेकीने पाच मिनिटांत ब्लॉग उघडून दिला. नाव ठेवले ‘काकूची वही’. सूनबाईने पहिली नोंद लिहायला दीड तास घेतला. ती अशी होती: ‘आज खूप काही शिकायला मिळाले. मॅडमनी खूप छान समजावून सांगितले. खूप मजा आली.’ दुसऱ्या आठवड्याची नोंद हीच होती, फक्त ‘आज’च्या जागी ‘आजही’ होते.

आता बाबांविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सूनबाईचे सासरे चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांनी लिहिलेले छापून येण्याआधी वाचायचे, त्यातल्या चुका लाल पेन्सिलीने काढायच्या, हे त्यांचे काम. छापखान्यात त्यांचे खरे नाव कुणाच्या तोंडी नव्हते. सगळे त्यांना ‘शुद्धिपत्र’ म्हणत. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागद, पाणी बंद राहण्याची सूचना, बिस्किटाचा पुडा, जे हाताला लागेल ते बाबा तपासत. एकदा शेजाऱ्यांनी ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लावली, तर बाबांनी कुत्र्याची पर्वा न करता फाटकापर्यंत जाऊन ‘रहा’चे ‘राहा’ केले.

या शूर माणसाची पाचावर धारण बसे ती एकाच ठिकाणी. त्यांना साखरेचा त्रास होता, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे असे. बाबांच्या हातावरच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक आणि भारी चंचल. प्रयोगशाळेत दोनदा-तीनदा टोचल्याशिवाय रक्त कधी मिळत नसे, हात काळानिळा होई, आणि बाबांना घेरी येई. घेरी हा शब्द मात्र घरात काढायची सोय नव्हती. ‘उपाशीपोटी गेलो होतो, डुलकी लागली,’ असे बाबा म्हणत. या खेपेला त्यांनी तपासणी दोन महिने लांबवली होती आणि विषय निघाला की त्यांना ऐकू येईनासे होई.

पडद्यावर वाचून बाबांचे डोळे दुखत, म्हणून नात आईच्या नोंदी कागदावर छापून आणी. तिसरी नोंद बाबांच्या हातात पडली ती संध्याकाळच्या चहाच्या वेळी. सूनबाईने लिहिले होते: ‘आज शिर शोधायला शिकले. दंडाला पट्टा आवळला की शिर वर येते. मग दोन बोटांनी दाबून बघायची. जाड माणसांची शिर खोल दडलेली असते.’

बाबांनी हे एकदा मनात वाचले. मग मोठ्याने वाचले. मग चष्मा पुसला.

“सूनबाई, हे शिक्षण प्रयोगशाळेत चाललंय की रणांगणावर?”

तिला कळेना. मग बाबांनी समजावले. शिर, पहिली वेलांटी, म्हणजे डोके. शीर, दुसरी वेलांटी, म्हणजे रक्तवाहिनी. तू माणसाच्या दंडाला पट्टा आवळून त्याचे डोके वर काढले आहेस, आणि वर ते दोन बोटांनी दाबून बघते आहेस. नात हसून हसून खुर्चीवरून घसरली. सूनबाईचे कान तापले. काय म्हणायचे आहे ते वाचणाऱ्याला कळते ना, असे ती म्हणाली. त्यावर बाबा म्हणाले, की वाचणाऱ्याला कळते ही वाचणाऱ्याची पुण्याई, लिहिणाऱ्याची नव्हे. तिने कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि त्या दिवशी चहात साखर मोजून अर्धा चमचा कमी टाकली. त्यांना तीही चालत नव्हतीच म्हणा. पण चौथ्या नोंदीपासून प्रत्येक शिरेला तिने दुसरी वेलांटी दिली, अगदी ठसठशीत.

सातव्या आठवड्यात ती गोष्ट घडली.

तोवर रबरी हातावर सराव झाला होता, एकमेकींवर झाला होता, आणि आता मॅडमच्या देखरेखीखाली खरी माणसे खुर्चीत बसू लागली होती. सकाळी एक बाई आली. बेकरीत काम करणारी, कामाची पाळी सुरू होण्याआधी घाईने आलेली. तिच्या हातांवर भट्टीचे जुने डाग होते. सूनबाईने पट्टा बांधला, शीर पाहिली, सुई टोचली. रक्त आले नाही. पुन्हा टोचली. आले नाही. तिसऱ्यांदाही नाही. ती बाई ओरडली नाही, रागावलीही नाही. “राहू द्या, मी दुसरीकडे जाते,” एवढेच म्हणाली, कापसाच्या बोळ्यावरून बाही खाली ओढली आणि बटण लावून निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर परवडले असते, असे सूनबाईला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिले.

त्या दिवसापासून तिचा हात थरथरू लागला. भाजी चिरताना नाही, कुलपात किल्ली घालताना नाही, फक्त सुई धरली की. आणि त्या आठवड्याची नोंद काय होती? ‘आज खूप काही शिकायला मिळाले. रुग्णांशी प्रेमाने बोलावे हे समजले.’

मॅडमनी तिला बाजूला बोलावले. “काकू, तिसऱ्या वेळी मी तुमच्या मागेच उभी होते. दोन पावलं टाकायला उशीर केला, ती माझी चूक, आणि ती मी लिहून ठेवलीये. तुमच्या ब्लॉगवर ती बाई कुठे आहे?”

मॅडमनी आवाज चढवला नाही, पण निकाल दिला. तूर्त खुर्चीपाशी यायचे नाही, नळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या. ज्या दिवशी ती बाई ब्लॉगवर दिसेल त्या दिवशी सुई परत मिळेल. परीक्षा पाच आठवड्यांवर होती. तोवर खुर्ची मिळाली नाही तर वर्ष पुन्हा करावे लागणार, आणि वर्ष पुन्हा करायला आपण येणार नाही, हे सूनबाईने त्या क्षणीच मनाशी ठरवून टाकले होते. घरून निघताना धीर एकदाच गोळा होतो. तो दुसऱ्यांदा कुठून आणायचा?

दोन आठवडे ती चिठ्ठ्या चिकटवत राहिली, नोंदीही चिठ्ठ्यांवरच लिहीत राहिली. घरी येऊन ब्लॉग उघडायची, ‘त्या दिवशी एक बाई’ एवढे लिहायची आणि पुसून टाकायची. ब्लॉगच्या खाली कोपऱ्यात आकडा दिसे: वाचक ३. एक मॅडम. दुसरा नवरा, बंदर आले की फोनवर वाचणारा. तिसरे बाबा, म्हणजे त्यांच्यासाठी पान उघडून छापणारी नात. मॅडमना तर सगळे माहीतच होते, आणि नवरा हजारो मैलांवर. अडत होते ते बाबांपाशी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका वेचून काढल्या, त्याच्या हातात आपण होऊन आपली चूक द्यायची, तीही वेलांटीची नव्हे, माणसाच्या हातातली, हे तिला जमेना.

बाबांच्या काही लक्षात आले नसेल असे तिला वाटत होते. चौतीस वर्षे सुटलेली अक्षरे शोधणाऱ्या माणसाविषयी असे वाटून घेणे हा तिचा भाबडेपणा. एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या करत असताना बाबा तो ‘प्रेमाने बोलावे’वाला कागद घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवला. त्यावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

“यात दुरुस्त करायला काही नाही,” बाबा म्हणाले. “ज्यात दुरुस्त करायला काहीच नसतं, त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. काय झालं?”

तिने नाही नाही म्हणत सगळे सांगितले. घड्या करता करता सांगितले, म्हणजे मान वर करावी लागली नाही. त्यांच्या एकाच सदऱ्याची तिने चारदा घडी घातली. बाबा उठले, आपल्या कपाटातून एक जुने पुस्तक घेऊन आले आणि त्याचे अर्पणाचे पान उघडले. पानावर एकच ओळ होती: ‘आयुष्यभर माझी चिंता वाहणाऱ्या आईस’. ‘चिंता’वरचे टिंब बारकाईने पाहिले तर शाईचे होते, हाताने दिलेले.

मग बाबांनी सांगितले. नोकरीला लागून तिसरे वर्ष होते. लेखक नवखा, म्हातारी आई अजून जिवंत, पुस्तक तिला वाचून दाखवायचे म्हणून तो गडी आनंदात. बाबांनी सगळे पुस्तक डोळ्यांत तेल घालून तपासले, आणि अर्पणाच्या पानावर एकच तर ओळ आहे म्हणून वरवर नजर टाकली. टिंब सुटले. ‘माझी चिता वाहणाऱ्या आईस’ अशा अकराशे प्रती छापून आल्या.

“मग?” सूनबाईच्या हातातला सदरा तसाच राहिला.

“मग मी गोदामात दोन दिवस बसलो. एकेक प्रत उघडायची, एकेक टिंब द्यायचं. अकराशे टिंबं. लेखक दुसऱ्या दिवशी आला, माझ्याशेजारी बसला आणि तोही देऊ लागला. मला एक शब्द बोलला नाही.” बाबांनी पुस्तक मिटले. “तेव्हापासून मी कुठलंही पान वाचायच्या आधी फक्त टिंबं वाचतो. मला प्रूफं वाचायला कुणी शिकवलं विचारशील, तर त्या चुकीनं. पण हे मी तुझ्या सासूलासुद्धा सांगितलं नव्हतं. छापखान्यात मला शुद्धिपत्र म्हणायचे ना, मग कुठल्या तोंडानं सांगणार?”

सूनबाईला एकदम त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की काय करावे ते तिला सुचेना. तिने तो चारदा घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पाचव्यांदा घडी घातली.

तिने त्याच संध्याकाळी लिहिले. या वेळी दीड तास लागला नाही.

‘मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. बेकरीत काम करतात. त्यांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते, म्हणून मला वाटले यांना टोचल्याचे काही वाटणार नाही. इथेच मी पहिली चूक केली. सुई शीरेत गेली नाही. मी ती आतल्या आत शीरेच्या मागे फिरवली. मग काढली आणि पुन्हा टोचली. तेव्हाच मॅडमना हाक मारायला हवी होती, पण मला लाज वाटली. तिसऱ्यांदा टोचले ते शीरेसाठी नाही, माझी लाज राखण्यासाठी. त्यांचे नाव मला पाठ आहे, कारण नळीवरची चिठ्ठी मीच लिहिली होती. ती नळी रिकामी राहिली.’

बाबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. सूनबाईचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि तीन ठिकाणी लाल गोल केले. शीरेत, शीरेच्या, शीरेसाठी.

“अहो, तुम्हीच म्हणालात ना दुसरी वेलांटी!”

“शीर एकटी असते तेव्हा दीर्घ,” बाबा म्हणाले. “तिच्या मागे काही लागलं की ऱ्हस्व होते. शिरेत, शिरेच्या, शिरेसाठी. सगळीकडे पहिली.”

सूनबाई कागदाकडे बघत राहिली. मागे काही लागले की आखूड होते. एकटी असली की लांब, ऐटीत; मागे लागलात की आखडून घेते. तिने खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचा बाबांचा हात धरला. बाबांनी तो झटकन मागे घेतला.

“सुई नाही ना?”

“कुठली सुई? माझ्याकडे घरात दाभणसुद्धा नाही. द्या हात.”

तिने त्यांच्या कोपरापुढची ती बारीक निळी शीर बोटाने दाबली. शीर बोटाखालून हळूच बाजूला सरकली. तिने बोट सरकवले तशी ती आणखी सरकली. मग तिने पाठलाग सोडला. अंगठ्याने खालची कातडी नुसती ताणून धरली आणि वाट पाहिली. शीर होती तिथे राहिली. मॅडम पहिल्या आठवड्यापासून हेच सांगत होत्या, ताणून धरा, मागे लागू नका. तिने ते वहीत उतरून घेतले होते, खाली रेघही मारली होती, आणि तरी आज व्याकरणातून आले तेव्हाच ते तिच्या हातात शिरले.

दुसऱ्या दिवशी मॅडम “वाचलं” एवढेच म्हणाल्या आणि त्यांनी सुयांची पेटी तिच्यापुढे सरकवली. त्या दिवशी तिला तिघे जण मिळाले. पहिल्याची शीर मिळाली, दुसऱ्याची मिळाली, तिसऱ्याच्या वेळी सुई टोचल्यावर रक्त दिसेना. तिने आत सुई फिरवली नाही. बाहेर काढली, कापूस दाबून धरला आणि सगळ्यांदेखत मॅडमना हाक मारली. हात थरथरत होता, पण कामापुरता थांबत होता.

ब्लॉगचे मात्र रूपच पालटले. लिहायचे आहे म्हणून ती बघायला लागली. कोण आपण होऊन बाही वर करतो, कोण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बसतो, कोण टोचायच्या आधीच ‘झालं का’ विचारतो. एका जाडजूड ट्रकचालकाने तिला आपली करंगळी धरायला लावली, हेही तिने लिहिले, त्याला विचारून. दहाव्या नोंदीत तिने एकाच पानावर चार चुका मांडल्या आणि प्रत्येकीखाली हाताला काय कळले ते लिहिले. वर्गातल्या मुली ते वाचू लागल्या. फिदीफिदी हसणारीच एक जण स्वच्छतागृहापाशी हळूच म्हणाली, काकू, माझाही हात थरथरतो. कोपऱ्यातला आकडा तिनाचा एकोणीस झाला. बाबांची लाल पेन्सिल चालूच होती, पण आता नोंद यायला उशीर झाला की तेच नातीला विचारत, आज काही आलेलं नाही का गं?

परीक्षेला प्रत्येकीने आपले एक माणूस आणायचे होते. मुलींना भाऊ होते, मैत्रिणी होत्या. सूनबाईची लेक लहान, नवरा पाण्यावर. शेजारच्या बाईला विचारले तर तिला नेमके त्याच दिवशी बाहेरगावी जावे लागणार असल्याचे तिथल्या तिथे आठवले. बाबांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. चंचल शिरा, त्यात भीती. बाराव्या नोंदीच्या शेवटी तिने लिहिले: ‘परीक्षेसाठी माणूस शोधते आहे. अजून मिळालेला नाही.’

दुसऱ्या दिवशी कागद चहाच्या डब्याखाली ठेवलेला सापडला. ‘अजून मिळालेला नाही’ या तीन शब्दांवर लाल रेघ होती, आणि समासात, चौतीस वर्षांच्या सवयीच्या त्या नेटक्या अक्षरांत, एकच शब्द होता: ‘मिळाला’.

परीक्षेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, लाल पेन्सिल खिशाला लावून आले. खोलीत फिनेलचा वास होता. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता होता. त्यातल्या दोन चुका त्यांनी बसल्या बसल्या काढल्या, आणि त्या सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. सूनबाईने पट्टा बांधला. बाबांनी डोळे मिटले. बाहेरून आलेले परीक्षक वही घेऊन एका बाजूला, मॅडम दुसऱ्या बाजूला.

शीर मिळेना. बोटाखाली आली आणि सरकली. सूनबाईने उचललेली सुई खाली ठेवली, पट्टा सोडला आणि परीक्षकांकडे वळून म्हणाली, “मी थांबते. दुसऱ्या हाताला बघते.” परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतले. वर्ष गेले, असे तिला वाटले, आणि गेले तर गेले, बाबांच्या हातात सुई फिरवायची नाही, असेही त्याच क्षणी वाटले.

दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. अंगठ्याने कातडी ताणून धरली. बाबा डोळे मिटूनच पुटपुटले, “एकटी असली की दीर्घ.”

“गप्प बसा हो,” सूनबाई म्हणाली, आणि सुई आत गेली.

रक्त आले. नळीत गडद, संथ चढत गेले. तिने पट्टा सोडला, कापूस ठेवून सुई काढली, बोळा दाबून धरला, आणि तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बाबांचा रंग उतरला. ते एका बाजूला कलले. तिने कापूस सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने त्यांना पाठीमागून वेढले, खांदा पुढे केला, आणि त्यांचे डोके अलगद तिच्या खांद्यावर आले. पांढरे केस, धुतलेल्या कपड्यांचा वास, आणि विश्वासाने सोडून दिलेला सगळा भार. सोळा वर्षे एका घरात राहून ती त्यांच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती. मॅडमच्या मदतीने तिने त्यांना मागे टेकवले, पाय वर उचलून धरले, नाडी बघितली. दोन मिनिटांत बाबांनी डोळे उघडले आणि विचारले, सूनबाई पास झाली का?

झाली. परीक्षकांनी सांगितले की सुई खाली ठेवली तिथेच अर्धे गुण मिळाले होते, आणि उरलेले माणूस सांभाळले तिथे.

बारा नोंदी पुऱ्या झाल्या होत्या. तेरावीची कुणी सक्ती केली नव्हती. तरी संध्याकाळी सूनबाई लिहायला बसली. नातीने ती छापून आजोबांच्या हातात दिली.

‘आज माझ्या सासऱ्यांचे रक्त काढले. शीर पहिल्या हाताला मिळाली नाही, दुसऱ्या हाताला एका सुईत मिळाली. मग त्यांना घेरी आली आणि त्यांचे शिर माझ्या खांद्यावर आले. एका दिवसात शीरही मिळाली आणि शिरही. दोन्हीकडच्या वेलांट्या तपासून पाहाव्यात. मला लिहायला यांनी शिकवले, आणि चुकायलाही.’

बाबा कागद घेऊन आपल्या खोलीत गेले. पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत. सूनबाई भांडी आवरत होती, पण तिचे कान तिकडेच होते. शेवटी ते आले, कागद टेबलावर उपडा ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेले.

तिने हात पुसून कागद सुलटा केला. वेलांट्यांना हात लावलेला नव्हता. संबंध पानात एकच दुरुस्ती होती. ‘घेरी आली’ हे शब्द लाल रेघेने खोडले होते आणि वर लिहिले होते, ‘डुलकी लागली’. सूनबाईला हसू आले. मग तिने नीट पाहिले. ‘डुलकी लागली’वरही पुन्हा रेघ मारलेली होती, आणि खोडलेल्या ‘घेरी आली’च्या खाली एका ओळीत बारीक लाल टिंबे दिली होती. खोडले ते चुकून खोडले, मूळचा शब्द कायम ठेवा, असे छापखान्याला सांगायचे असले की मुद्रितशोधक अशी टिंबे देतात.

समासात त्याच नेटक्या अक्षरांत लिहिले होते: ‘असू द्या. बरोबर आहे.’